मैना घाट चढेना

३१ ऑक्टोबर १९७०, पाडवा. सोनई.

आली! आमच्या दारात मोटार आली! ओवाळायचं ताट हातात होतं म्हणून बरं, नाहीतर मी भर पेठेत उडीच मारली असती. निरांजन दोनदा विझलं, दोन्ही वेळा माझ्याच हसण्यानं.

भिंगारच्या छावणीतल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली, त्यांची ही मोटार. जुनी आहे, पण काळीभोर, पाठीत गोल, आणि हॉर्न असा की गोठ्यातल्या गाईनं उत्तर दिलं. मी लगेच नाव ठेवलं, मैना. ह्यांनाही ते पसंत पडलं. (हे म्हणजे माझे यजमान, रंगनाथराव. वहीत नाव घेतलं तर कोण ऐकतंय?) विहिरीवरचं पाण्याचं इंजिन ह्यांना पाठ आहे, त्यामुळे जगातलं कुठलंही इंजिन आपल्याला कळतं असा ह्यांचा समज आहे.

मामंजी मात्र ओट्यावरून हलले नाहीत. "चारा खात न्हाई म्हनं," म्हणाले, "मंग शेन तरी कुठनं देनार?" सासूबाई गेल्यापासून ते असेच बोलतात, त्याआधीही असेच बोलायचे म्हणे. संध्याकाळी कोणी बघत नाही असं पाहून उठले आणि मैनेभोवती एक फेरी मारली, बाजारात बैल पारखतात तशी. चाकाला लाथ मारली, वाकून पुढच्या जाळीत डोकावले. दात बघत असावेत. मी खिडकीतून सगळं पाहत होते.

३ नोव्हेंबर

गुपित लिहिते. मी मोटार चालवायला शिकते आहे!

पाडव्याच्या ओवाळणीत काय हवं, असं ह्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, साडी नको, मैना चालवायला शिकवा. ह्यांना सुपारी लागली, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द दिला तो दिला.

उजाडता उजाडता आम्ही दोघं छपरातून मैनेला ढकलत शेतामागच्या पांदीत, बांधांमधल्या गाडीवाटेवर, नेतो. आवाज नको म्हणून ढकलायचं. हे मागून जोर लावतात, मी चाक धरून आत बसते आणि तोंडात पदर कोंबून हसते. मामंजी त्या वेळी देवघरात असतात. खंडोबाचे मोठे भक्त. कमरेला भंडाऱ्याची पिशवी कायम. देवाची पिवळी हळद आणि त्यात खोबऱ्याचे तुकडे. आल्यागेल्याच्या कपाळाला बोट लावल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा देव्हाऱ्यासमोर बसले की दिवस वर येईपर्यंत बाहेर जग बुडालं तरी कळायचं नाही. बाईमाणसानं मोटार हाकलेली त्यांना कळली, तर मला माहेरी धाडतील आणि मैनेला भंगारात.

आज मैना बेडकासारख्या उड्या मारत बांधापर्यंत गेली. पांदीत दगड फार. एका दगडावरून असं उसळलो की ह्यांची टोपी मागच्या सीटवर गेली. "हळू, हळू, अगं पाय काढ! तो न्हाई, दुसरा!" मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. हे ह्यांना सांगितलेलं नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

शोभा झाली. मामंजींना घेऊन नगरला निघालो. घोडेगाव मागे पडलं, पांढरीचा पूल गेला, इमामपूरचा घाट लागला आणि अर्ध्या चढावर मैनेच्या नाकातोंडातून वाफ! तिथल्या एका गाडीवानानं दया करून बैल जोडले. मोटारीच्या पुढं बैल, मोटारीत मामंजी ताठ बसलेले. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांतली माणसं वाकून वाकून हसत होती. मलाही हसू येत होतं, पण मामंजींची मान बघून गिळलं.

भिंगारला शमुवेलचं गॅरेज आहे. मेजरसाहेबांच्या वेळेपासून मैना त्याच्याच हाताखालची. लष्करी वर्कशॉपात होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य हुकूम दिल्यासारखं बोलतो. त्यानं रेडिएटर पाहिला. म्हणजे इंजिनाचं पाणी गार करते ती पुढची जाळी. खाली बारीक भोक पडलं होतं, थेंब थेंब पाणी जात होतं. शमुवेलनं काय करावं? घरात हाक मारून चमचाभर हळद मागवली आणि वरचं झाकण उघडून आत टाकली!

"झालं. हळद भिजली की फुगती आन् भोक बुजवती. फस्ट क्लास!"

मामंजी डोळे विस्फारून बघत होते. "येवढ्याशा हळदीनं?"

"येवढ्याशाच."

"कुठली बी हळद चालती?"

"हळद ती हळद, बाबा."

"आन् जास्त टाकली तर?" मामंजींनी विचारलं. पण शमुवेल तोवर दुसऱ्या गाडीखाली शिरला होता.

येताना मैना गुणानं आली. तरी ओट्यावर बसल्या बसल्या मामंजींनी चार माणसांत निकाल दिला. "माजी, ह्या सहादेवाची मोटार बैलांनी वढली, हे आता नातवंडं बी ऐकतील. चंपाषष्टीला आपून काष्टीला जानार, माज्या बहिनीकडं खंडोबाची तळी भराया. तितवर न उकळता गेली तर ही ऱ्हाईल. उकळली तर तिथंच भिमाजीला द्यायची. सबूद म्हंजे सबूद."

भिमाजीचं काष्टीला चहाचं हॉटेल आहे आणि मोटारीचं वेड आहे. म्हणजे मैना गेली की आली नाही. आणि माझं शिकणंही तिच्याबरोबर.

१२ नोव्हेंबर

आज उडी न मारता सुटली! ओढ्यापर्यंत सरळ रेषेत गेले. पांदीतले मोठे दगड कोणीतरी काढून कडेला टाकलेत. आमच्या शेतावरचा गडी भीमा असणार, नाहीतर एवढी अक्कल कोणाला. बॉनेटवर पिवळं बोट उमटलेलं दिसलं. शमुवेलची हळद अजून निघाली नाही वाटतं. पदरानं पुसलं.

१५ नोव्हेंबर

उकळली. घोडेगावच्या अलीकडेच, सपाट रस्त्यावर. चढ नाही, ओझं नाही, आणि भोकही बंद. मग का?

हे म्हणाले, पट्टा ढिला. विहिरीवरच्या इंजिनाचा असाच होतो. पट्टा आवळला. घरी येईपर्यंत पुन्हा उकळली. मग म्हणाले, तेल. तेल भरलं. मग म्हणाले, ऊन. कार्तिक महिन्यात कसलं ऊन? मी स्वेटरची बटणं लावली.

२० नोव्हेंबर

आमच्या घरी सध्या निदानांची जत्रा भरली आहे. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि तडतडल्या म्हणून खूश होऊन गेल्या. शमुवेल एस.टी.नं येऊन गेला. "पान्याचा पंप!" असं ओरडून त्यानं पंप खोलला. पंप ठणठणीत. "पंखा!" पंखाही ठणठणीत. मग चहा पिताना म्हणाला, "वहिनी, हिला मेजरसाहेबांची आठवन येत असंल." पाणी मात्र सगळं बदलून गेला आणि म्हणाला, जुनं पाणी जरा पिवळट होतं, हळद आहे, चालायचंच.

त्या पाण्यावर मैना काल नेवाशाला जाऊन आली. गार!

मामंजी सगळं ओट्यावरून ऐकतात आणि हुं म्हणतात. त्यांची भंडाऱ्याची पिशवी आज पुन्हा रिकामी झाली. गुरवाकडून भरून आणली. म्हटलं, मामंजी, लई लागतो हल्ली भंडारा? म्हणाले, "देव मोठा हाय. खातो."

२४ नोव्हेंबर

हे लिहायला हात धजत नाही. पण ह्या वहीत खोटं लिहून काय करू?

मला मैनेचं दुखणं कळलं. दुखणं मी आहे.

नीट आठवून बघितलं. ज्या दिवशी पहाटे मी चालवते, त्या दिवशी ती उकळते. शमुवेल येऊन गेल्यावर मला सर्दी होती, मी हात लावला नाही, ती नेवाशाला गारेगार जाऊन आली. परवा मी पुन्हा पांदीत नेली, आणि दुपारी ह्यांना घोडेगावलाही पोचता आलं नाही. हे म्हणतात असं कधी होत नाही, इंजिनाला काय कळतं कोण चालवतंय. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

खात्री करायची ठरवलं. ह्यांनी पाणी बदललं. आता चार दिवस मी शिवणार नाही.

२८ नोव्हेंबर

शिवले नाही. मैना नेवाशाला गेली, आली. राहुरीला गेली, आली. उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. हे आनंदानं उड्या मारत घरात आले आणि माझं तोंड बघून थांबले.

संपलं म्हणायचं. माझ्या पायात काहीतरी आहे. जास्त दाबत असेन, किंवा कमी. मैना राहावी म्हणून मीच तिच्यापासून लांब राहायचं. बरं झालं, मामंजींना कधी कळलं नाही. आज सकाळी त्यांनी विचारलं, "तब्येत बरी न्हाई का गं? चार रोज लवकर उठली न्हाईस." त्यांना कसं कळलं मी लवकर उठत होते ते? चुलीचा धूर दिसत असेल.

भाकऱ्या थापताना रडले. मग गोजरबाईंनी विचारलं तेव्हा कांदा म्हणून सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, अगं चंपाषष्ठीपर्यंत कांदा कुठं खाता तुम्ही? तेव्हा रडता रडता हसूच फुटलं.

३ डिसेंबर

उद्या चंपाषष्ठी. राहवलं नाही. शेवटचं म्हणून पहाटे नेली. हळूच. पाय असा ठेवला जसा झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा. ओढ्याशी वळवून एका दमात परत आणली. पांदीत आता एक खडासुद्धा नाही. भीमाला दिवाळीचं धोतर उशिरा का होईना द्यायला पाहिजे.

देवा खंडोबा, उद्या तिला काष्टीला ने. मी पुन्हा चाकाला हात लावणार नाही.

५ डिसेंबर. काष्टी.

कुठून सुरू करू? रात्रभर झोप लागली नाही. आनंदानं!

काल सकाळी निघालो. पुढं हे आणि मामंजी, मागं मी, नारळ आणि मामंजींनी चार महिने न खाल्लेली वांगी. चंपाषष्ठीला भरीत करायचं म्हणून. निघताना मामंजी मैनेच्या पुढं दोन मिनिटं उभे राहून पुटपुटले. हे म्हणाले, आबांनी नमस्कार केला बघ तिला.

इमामपूरच्या घाटात काटा चढला. मी मागून वाकून काट्यालाच डोळे लावले. थांबत, गार करत, पाणी ओतत कसंबसं भिंगार गाठलं. शमुवेलच्या दारात मैना धापा टाकत उभी राहिली. मामंजींचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं, रागानं.

शमुवेल "थांबा! हात लावू नका!" म्हणेपर्यंत ह्यांनी फडकं धरून झाकण फिरवलंच. भस्सकन पिवळा कारंजा उडाला. हे नखशिखांत पिवळे! आमच्या लग्नात एवढी हळद लागली नव्हती. उजवा हात पोळला. शमुवेलच्या बायकोनं, मरियाबाईंनी, गार पाण्यात धरायला लावला आणि मलम लावून फडकं गुंडाळलं. हात शाबूत आहे, पण चाक धरता येत नव्हतं.

शमुवेलनं खालचा नळ सोडला. आलं ते पाणी नव्हतंच, पिठलं होतं. घट्ट, पिवळंधमक.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्यात फकस्त फोडनी ऱ्हायली. अहो मी चमचा टाकलाता, चमचा! येवढी हळद कुनी घातली? जाळी पार बुजून गेलीया."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरातली हळद कोणाच्या ताब्यात? सुनेच्या. हे सुद्धा त्या पिवळ्या तोंडानं माझ्याकडेच बघत होते. माझं डोकं असं तापलं की मैना बरी. "माज्या डब्यातली चिमूट बी गेली न्हाई!" मी म्हटलं. "गाडीला कोन फोडनी देतंय?"

तेवढ्यात तारेनं जाळीचं तोंड खरवडताना एक पांढरा तुकडा खाली पडला. शमुवेल म्हणाला, रबर. हे म्हणाले, साबण. मी उचलला, वास घेतला आणि धीर करून दातानं तोडला.

खोबरं!

आम्ही सगळे हळूहळू वळलो. मामंजी समोरच्या लिंबाकडे बघत होते. हात कमरेच्या पिशवीवर होता.

"आबा," हे म्हणाले, "तुमी?"

"मंग काय करू?" मामंजी असे उसळले की मरियाबाई दचकल्या. "रोज पाटं पोरगी हिला घिऊन जाती. म्होरं वढा, बाजूला बांध. बैल उधळला तर येसन धरता येती. हिला कुठं धरू? म्हनून तुमी ढकलाया यायच्या आदी हिच्या तोंडात देवाचा भंडारा घालत हुतो. हा शमुवेलच म्हनला, हळद ती हळद! पोरगी चालवायची तवाच घालायचो. आन् काल काष्टीचा पल्ला म्हनून मूठभर घातला."

मी एक पाऊल पुढं आले. "तुमाला... ठावं हुतं, मामंजी?"

"कान हायत मला. पांदीत इंजान सुरू झालं की देव्हाऱ्यातला देव बी जागा हुतो."

मी तिथंच गॅरेजच्या पायरीवर बसले आणि हसले. पोट धरून हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. माझ्या पायात दोष नव्हता! मी चालवायचे म्हणूनच ती तापायची हे अगदी खरं होतं, आणि दोष मात्र माझा नव्हता! मरियाबाईंना वाटलं मला फेफरं आलं, त्या पाणी घेऊन धावल्या.

शमुवेलनं नळी लावून जाळी उलटीसुलटी धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग चांगलं पाणी भरलं. तेव्हा कुठं मला भान आलं, आणि कोणीतरी म्हणायला हवं म्हणून मीच म्हटलं, "पन मामंजी, उकळली ती उकळली. सबूद दिलाय तुमी गावात."

मामंजींनी मिशी कुरवाळली. "मी म्हनलं हुतं, ही उकळली तर द्यायची. ही कुठं उकळली? हिला मी उकळवली. त्यात हिचा काय गुन्हा?"

ह्यांचा हात फडक्यात होता आणि काष्टीला दिवस मावळायच्या आत तळी उचलायची होती. शमुवेल हात पुसत म्हणाला, "चला, मी येतो घिऊन."

"तू कशाला?" मामंजी म्हणाले. "आमच्यात डायवर हाय."

आणि पुढचं दार उघडून माझ्या शेजारच्या जागेवर बसलेसुद्धा.

दौंड रस्त्यानं मी मैना आणली! ह्या हातांनी! मागच्या सीटवर पिवळे हे, वांग्यांच्या पिशवीला टेकून. मामंजींनी एका हातानं दार धरलेलं, दुसऱ्या हातानं पिशवी, आणि समोर बैलगाडी दिसली की गाडीवानाला मोटारीतूनच ओरडायचे, "बाजूला व्हय, सूनबाई येतीया!" काटा जागचा हलला नाही. मी किती वेळा बघितला असेल!

काष्टीला आत्याबाईंच्या दारात भिमाजी हॉटेलवाला हार घेऊन उभा होता. मोटार घ्यायच्या तयारीनं आला होता. मी चाकावरून उतरले तेव्हा हार त्याच्या हातातच राहिला.

"इकायची न्हाई," मामंजी त्याला म्हणाले. "हिचा डायवर आमच्या घरातला हाय. त्यो कसा इकू?"

तळी उचलली, सगळ्यांनी येळकोट केला. हार शेवटी भिमाजीनंच मैनेला घातला, बिचारा. भरीत असं झालं होतं की आत्याबाई बोटं चाटत राहिल्या.

७ डिसेंबर. सोनई.

आज पहाटे ढकलली नाही. छपरातच सुरू केली, दणदणीत. गोजरबाई खिडकीत आल्या तेव्हा हॉर्नसुद्धा वाजवला.

पांदीत वळले तर पुढं कोणीतरी वाकलेलं. भीमा असेल म्हणून हाक मारणार, तर मामंजी! धोतर खोचून एकेक दगड उचलत होते आणि बांधापलीकडे टाकत होते. परवा रात्री गुरं गेली, त्यांच्या पायांनी बांधाचे दगड पुन्हा वाटेत आले होते. महिनाभर मी भीमाचं कौतुक करत होते.

मी थांबले. ते कंबर धरून सरळ झाले, जवळ आले आणि हात पिशवीत घातला. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडले, "मामंजी, तिला न्हाई!"

"तिला कोन देतंय?" ते म्हणाले, आणि अंगठा माझ्या कपाळावर टेकवला. मग हात झटकला. "वढ्यापलीकडं बी साफ केलंय. जा. लांब जाऊन ये."

मी गिअर टाकला. डोळे भरून आले होते, पण वाट सरळ होती. वळणाशी आरशात पाहिलं, तर मामंजी पुन्हा वाकले होते आणि मी परत येईन त्या बाजूचे दगड वेचत होते.